पाटलाची अंबाडी

आमच्या बाला गांजा आणि अंबाडी यांतला फरक कळत नाही, ही गोष्ट मुरबाड तालुक्यात इतकी मुरलेली होती की माझ्या लग्नाच्या पंगतीत सासरकडच्या एका काकांनी अंबाडीची भाजी वाढून घेता घेता बाला विचारलं, "पाटील, खाल्ली तर चालंल ना? का आधी पंचनामा करायचा?" सगळी पंगत हसली. बासुद्धा हसला. मी मात्र मुंडावळ्यांच्या आडून त्या काकांकडे असं बघितलं की पुढे दोन वर्षं ते आमच्या घरी जेवायला आले नाहीत.

बा आमच्या गावचा पोलीस पाटील होता. पोलीस पाटील हा पोलीस नसतो. गावातलाच एक माणूस सरकार नेमतं, आणि गावात काय चाललंय ते त्यानं ठाण्याला कळवायचं, साहेब आले की त्यांच्यापुढे चालायचं आणि कागदावर सही करायची. बा हे सगळं फार मनावर घेऊन करायचा. भात लावतानासुद्धा त्याच्या बंडीच्या खिशात पेन असायचं.

आमच्या गावाच्या वर, सिद्धगडाच्या अंगाला, एक वाडी आहे. तिथे एक गुरांचा वैदू राहायचा. नात्यानं आमचा कुणी नव्हे, पण आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो. बैल चारा खाईना झाला, गाईचं पोट फुगलं, की लोक मामाकडे जायचे. म्हसा गावची बैलबाजाराची जत्रा जवळ आली की तर त्याच्या अंगणात बैलांची रांग लागायची, कारण खंगलेला बैल बाजारात कोण घेणार? मामा गुळात काहीतरी पाला कुटायचा, पाण्यात कालवायचा आणि बांबूच्या नळकांड्यानं बैलाच्या घशात ओतायचा. तासाभरात बैल गव्हाणीत तोंड घालायचा. तो पाला कसला, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. मामाच्या परसात, अंबाडीच्या दाट वाफ्याच्या पलीकडे, चार-पाच झाडं होती. त्याबद्दल कुणी बोलत नसे, एवढंच.

मी आठवीत असताना कुणीतरी बोललं. तालुक्याहून साहेब जीप घेऊन आले. साहेब शहरातले, बूट नवे. बा पुढे, साहेब मागे, दोन पंच आणि दोन शिपाई, अशी वरात वाडीवर गेली. बानं परसात उभं राहून बोट दाखवलं, "हीच ती." शिपायांनी एकेचाळीस झाडं मुळासकट उपटली, गोणीत भरली, गोणी शिवली, लाखेचं सील मारलं. पंचनाम्यावर बाची सही झाली. मामा ओसरीवर बसून विडी ओढत होता. त्याला म्हणे साहेबांनी विचारलं, तुझं काही म्हणणं आहे का? तो म्हणाला, "भाजी जून झाली व्हती, बरं झालं."

काही महिन्यांनी तपासणीचा कागद आला. गोणीत अंबाडी होती. एकेचाळीसच्या एकेचाळीस.

मग जे व्हायचं ते झालं. साहेबांना त्यांच्या साहेबांनी झापलं, आणि साहेबांनी बाकडून लेखी खुलासा मागवला. बानं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं की सदर दोन्ही झाडांची पाने दिसावयास सारखीच असल्याने माझी नजरचूक झाली. 'नजरचूक' हा शब्द त्या कागदातून निसटून गावात आला आणि कायमचा राहिला. कुणी चुकून दुसऱ्याची चप्पल घातली की, पाटलाची नजरचूक. कुणाला परीक्षेत गुण कमी पडले की, मास्तरांची पाटलासारखी नजरचूक. शाळेच्या वाटेवर पोरी अंबाडीचं पान समोर धरून मला "हात वर!" म्हणायच्या. एकीला मी कंपासपेटी फेकून मारली. ती आता आमच्या भागात सरपंच आहे आणि अजून माझ्याकडे कपाळावरची खूण दाखवून बघते.

खरं सांगायचं तर मला बाचा राग यायचा. लोकांचा नाही, बाचा. बांधावर अंबाडी लावणारा, अंबाडीच्या सालीचे दोर वळणारा शेतकरी, त्याला अंबाडी ओळखू येऊ नये? पुढे मी औषधांचं शिक्षण घेतलं. तिथे वनस्पतींच्या तासाला दोन्ही पानं शेजारीशेजारी काढायची होती. सुट्टीत घरी आल्यावर मी बाला ओटीवर बसवून पूर्ण व्याख्यान दिलं. अंबाडीच्या दांड्याला बारीक काटे, पान आंबट, फूल पिवळट आणि मधे गर्द. गांजाला काटा नाही, आंबटपणा नाही, चिकट शेंडा आणि वास असा की डोळे बांधलेला माणूसही सांगेल. बा अडकित्त्यानं सुपारी कातरत सगळं ऐकत होता. शेवटी म्हणाला, "वा. पैसा वाया नाय गेला." आय चुलीशी वळून हसली. मला तेव्हा वाटलं, ती माझ्या कौतुकानं हसली.

शहापुरात माझं औषधाचं दुकान आहे, आणि वरच्या मजल्यावर घर. गेल्या वर्षी बाला आतड्याचा कॅन्सर निघाला आणि मी आय-बाला शहापूरला आणलं, कारण इथून आसनगाव स्टेशन जवळ आणि तिथून मुंबईचं हॉस्पिटल. ऑपरेशन झालं. मग किमो सुरू झाली. सहा द्यायच्या होत्या. तीन झाल्या आणि बाचं जेवण सुटलं.

सुटलं म्हणजे सुटलंच. भाताचा वास आला की बा तोंड फिरवायचा. मी औषधवाली आहे. उलटीच्या गोळ्यांत जे जे दुकानात होतं आणि डॉक्टरांनी लिहिलं ते ते सगळं दिलं. उलटी थोडी थांबली, भूक काही आली नाही. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, वजन पंचेचाळीसच्या खाली गेलं तर पुढची किमो थांबवावी लागेल. थांबली की आजार काही आपल्यासाठी थांबणार नाही. हे मी बाला सांगितलं नाही, पण तो दाराआडून ऐकायची सवय असलेला माणूस. त्याला कळलंच.

दर शुक्रवारी सकाळी दुकानातल्या काट्यावर मी त्याला उभं करायची. सेहेचाळीस. पुढच्या शुक्रवारी सेहेचाळीस. त्याच्या पुढच्याही. गालाची हाडं वर आली होती, बांगडी घालावी असा दंड झाला होता, आणि काटा सेहेचाळीसवरच. मला आधी आनंद झाला, मग संशय आला. चौथ्या शुक्रवारी मी त्याची बंडी काढायला लावली. खिशांतून पितळी कुलूप निघालं, अडकित्ता निघाला आणि दोन बटाटे.

"बा! पोलीस पाटील ना तू?"

"मग? वजनच पायजे ना त्यांना? दिलं."

"बटाटे?"

"ते काल घेतले. कुलूप कमी पडाया लागलं."

बंडीशिवाय वजन पंचेचाळीस किलो आणि दोनशे ग्रॅम होतं. मी हसले, मग आत जाऊन गोळ्यांच्या खोक्यांमागे उभी राहून रडले. पुढच्या किमोला सतरा दिवस होते.

आमच्याच गल्लीत एक आयुर्वेदाची डॉक्टर आहे, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि माझ्याहून शांत. तिनं सुचवलं, विजयाच्या पानांच्या अर्काचे थेंब मिळतात, भुकेला देऊन बघू. विजया म्हणजे तीच, मामाच्या परसातली. आयुर्वेदात तिला हे छान नाव आहे. मी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आमचं काही बंद करू नका, थोड्यावर सुरू करा, भोवळ आली किंवा भ्रम झाला तर लगेच बंद करा आणि मला कळवा. तिनं चिठ्ठी लिहिली, मी बाटली मागवली. माझ्या दुकानात, माझ्या परवान्यावर, पक्क्या बिलानं.

आता हा कायदा मी बाला समजावला तसाच सांगते. त्या झाडाचा शेंडा, फुलासकट, हातात धरला तर तो गांजा आणि सरळ गुन्हा. नुसतं पान असेल तर तो प्रकार वेगळा, त्याला वेगळे नियम आणि वेगळे परवाने. आणि तेच पान एखाद्या परवानाधारक कारखान्यात जाऊन, अर्क होऊन, लेबल लावून बाटलीत बसलं आणि वैद्याची चिठ्ठी असली की ते औषध. झाड एकच. झाडाला यातलं काही ठाऊक नसतं.

बानं चष्मा लावला. लेबल वाचलं, आतला घडीचा कागद उलगडून दोन्ही बाजूंनी वाचला. पंचनामा वाचावा तसं बोट फिरवत वाचला. मग घडी पूर्वीसारखी घातली, बाटली खोक्यात ठेवली आणि म्हणाला, "नको."

"बा, कायदेशीर आहे."

"म्हणूनच नको."

याच्यापुढे एक शब्द नाही. मी समजावलं, चिडले, आयला पुढे केलं, गल्लीतल्या डॉक्टरला वर बोलावलं. तो तिच्याशी फार सभ्यपणे बोलला, तिला चहा पाजला आणि नको म्हणाला. मला वाटलं, आयुष्यभर सरकारी कागद जपलेला माणूस, त्याला गांजा या शब्दाचीच लाज वाटत असणार. शिवाय ती नजरचूक. सगळा तालुका म्हणेल, पाटलाला शेवटी खरा सापडला.

दुकानात मी गिऱ्हाइकांचं मत घेऊ लागले, नाव न सांगता. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, एकदा औषध म्हणून दार उघडलं की सगळी तरणी पोरं आत घुसतील. वाशिंदच्या कारखान्यात जाणारा एक जण म्हणाला, उघडायलाच पाहिजे ताई, पूर्ण उघडायला पाहिजे, आणि इतका गोड हसला की मी त्याला खोकल्याचं औषध चिठ्ठीशिवाय देणार नाही असं तिथंच ठरवलं. गुरुजी काही खोटं बोलत नव्हते. माझ्या काउंटरसमोर कोण खोकला घेऊन येतं आणि कोण नुसते तारवटलेले डोळे घेऊन येतं, हे मला पंचवीस वर्षांत कळायला लागलंय. पण ज्याला घास गिळता येत नाही त्याला त्या पोरांच्या रांगेत का उभं करायचं, हे मला कळत नव्हतं. माझं मत त्या दिवसांत फार साधं होतं. माझ्या बाला जेवू द्या, मग देशाचं काय करायचं ते करा.

अशात एका रविवारी आय गायब झाली. दुपारी मुरबाडच्या एसटीतून उतरली, विचारलं तर "देवाला गेलते" म्हणाली. कुठल्या देवाला हे सांगितलं नाही. संध्याकाळी पिठाच्या डब्यामागे मला एक फडक्याची पुरचुंडी दिसली. उघडली तर आत वाळलेला, चुरलेला, हिरवट-करडा पाला.

आय कुठे गेली होती ते लख्ख दिसलं. वाडीवर! मामाकडे! खाली माझं परवान्याचं दुकान, भिंतीवर फ्रेममध्ये माझा परवाना, आणि वर पिठाच्या डब्यामागे हे. मी पुरचुंडीचा वास घेतला. घाबरलेल्या नाकाला जो वास यायचा तोच आला. संडासात गेले, सगळा पाला ओतला, तीन वेळा पाणी सोडलं, फडकं साबणानं धुतलं आणि हात डेटॉलनं. घामाघूम होऊन बाहेर आले तर आय पिठाच्या डब्यापाशी.

"इथली अंबाडी कुणी घेतली गो?"

"कसली अंबाडी?"

"सुकवलेली. वाडीवरनं आनली. तुज्या बाला आंबट काय तरी गोड लागंल म्हणून."

मी संडासाच्या दाराकडे बघितलं. आयनंही बघितलं. मग ती खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आणि हसता हसता तिच्या तोंडून निघून गेलं, "तुजा बा तरी मुद्दाम चुकला व्हता गो. तू तर शिकून चुकलीस!"

बोलून गेल्यावर तिनं पदर तोंडावर धरला, पण मी काही सोडणार नव्हते. पिठाच्या डब्याला टेकून, अडतीस वर्षांनी, मला खरा पंचनामा ऐकायला मिळाला.

साहेब येणार हे बाला आदल्या दिवशी कळलं होतं. संध्याकाळी तो वाडीवर गेला. त्यानं आणि मामानं मिळून खरी झाडं उपटली. दुसऱ्या दिवशी साहेबांना काहीच दाखवलं नसतं तर ते पुन्हा आले असते, रान पालथं घातलं असतं. म्हणून बानं त्यांना अंबाडी दाखवली. गोणीभर झाडं घेऊन साहेब खूष होऊन गेले, आणि कागद येईपर्यंत प्रकरण शिळं झालं. काय होणार, काय म्हणतील, खुलासा लिहावा लागेल, हे सगळं बाला त्या दिवशीच माहीत होतं.

"पण कशाला? मामासाठी?"

"आत्येसाठी."

बाची थोरली बहीण त्या वर्षी आमच्याकडे होती. तिच्या हाडांत काहीतरी होतं, त्याचं नाव घरात कुणी घेत नसे. सकाळी ती ओरडायची. आम्ही पोरं कान झाकून शाळेला पळायचो. दुपारी आलो की तीच आत्या भाकरी खात बसलेली असायची आणि भिंतीवरच्या पालीला म्हणायची, ये गो जेवाया. आम्ही तिला खुळी आत्या म्हणायचो. तिला दुपारी दूध-गुळातून काय मिळत होतं ते आता कळलं. आणि कुठून, ते पण. उपटलेल्या झाडांचा सगळा पाला मामानं सुकवून तिच्यासाठी दिला होता. तो संपायच्या आधी ती गेली.

म्हणजे पोलीस पाटलाच्या घरात, पोलीस पाटलाच्या बहिणीला, रोज दुपारी. आणि मी याच माणसाला ओटीवर बसवून अंबाडीचे काटे शिकवले होते.

मी तशीच गॅलरीत गेले. बा खुर्चीत बसून रस्त्यावरच्या रिक्षा मोजत होता.

"बा, अंबाडी ओळखता येते तुला."

त्यानं स्वयंपाकघराकडे बघितलं. "आय बोलली वाटतं."

"आत्याला चाललं, मग तुला ही बाटली का नको?"

त्यानं रिक्षा मोजणं थांबवलं. मग म्हणाला, "मामानं परत झाडं लावली नाय. मी बोललो नव्हतो नको लावू म्हणून. तोच बोलला, पाटील, तुला आता दुसऱ्यांदा चुकता येनार नाय. तवापासनं त्याच्या अंगनात बैल नाय का मानूस नाय. येवढा हाताला गुन असलेला मानूस, मजुरीला गेला गो बाय, ईटभट्टीवर. माज्यामुळं. आन आता तेच पान कारखान्यानं बाटलीत भरलं म्हणून मी टोपनानं मोजून घेऊ? त्याला काय तोंड दाखवू?"

एवढं सगळं तो एका दमात बोलला आणि त्याला धाप लागली. मला अडतीस वर्षांचा सगळा राग आठवला आणि मी त्याच्या पायाशी जमिनीवर बसले. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला वजन म्हणून नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीच आयला म्हणाले, मामाला आण.

मामा आला तो शेअर रिक्षातून, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसून, पिशवीत अंबाडीची ताजी जुडी आणि काखेत बांबूचं नळकांडं. पंच्याऐंशीच्या पुढचा असेल. कमरेत वाकला होता, पण दोन्ही डोळे तेच. वर आला, बाकडे बघितलं आणि बैलाचं पारखावं तसं त्याची खालची पापणी ओढून डोळा बघितला.

"किती दिस खाल्लं नाय?"

"दोन म्हयने धड नाय," आय म्हणाली.

"औषध कुठाय?"

मी बाटली दिली. चिठ्ठी, बिल आणि कागदपण देत होते, तो नको म्हणाला. टोपण काढून वास घेतला, एक थेंब बोटावर घेऊन चाटला, आणि तोंड असं वाकडं केलं की आय हसली.

"वास तोच हाय. पन कसलं ह्ये फिकं? माज्या खोंडाला ह्याच्यावर ढेकर पन आला नसता."

"मामा, माणसाचं माप आहे ते. पाचच थेंब," मी घाईनं म्हणाले.

"पाच तर पाच. शिकलेलं मानूस सांगतं ते आयकावं." त्यानं आयकडून गूळ मागून घेतला, त्यावर पाच थेंब मोजले आणि बासमोर धरले. बानं मान फिरवली.

"नको रे. तुजं बंद झालं माज्यामुळं."

मामानं गूळ माझ्या हातात दिला आणि नळकांडं उचललं.

"वैनी, जरा ह्याचं तोंड वर धर. बाय, तू शेपटीकडनं."

आयनं खरंच बाची हनुवटी धरली. बा ओरडला, "अरे, ए! काय करतंस?"

"माज्या हातनं येक बैल उपाशी मेला नाय. मी लावनं सोडलं ते माज्या अकलेनं. त्यात तुजं काय? अडतीस साल तू लोकांचं आयकून घेतलंस, मी काय म्हनलो का नको आयकू? तोंड उघड."

बानं तोंड उघडलं. नळकांड्याची गरज पडली नाही.

मामा आठ दिवस राहिला. रोज दोनदा थेंब घालायचं काम त्यानं माझ्याकडून काढून घेतलं. पहिल्या दिवशी काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी बा दुपारभर झोपला आणि मी दर दहा मिनिटांनी त्याची नाडी बघत बसले. तिसऱ्या दिवशी आयनं अंबाडीची भाजी केली, तांदळाच्या कण्या आणि लसणाची फोडणी घालून, आणि दोघे म्हातारे समोरासमोर बसले. मामानं साहेबांच्या नव्या बुटांची गोष्ट काढली. साहेब वाफ्यात उतरले तेव्हा त्यांच्या हाताला अंबाडीचे काटे लागले होते आणि ते म्हणाले होते, फार विषारी माल दिसतो. बाला हसू आवरेना. हसता हसता त्यानं अर्धी भाकरी खाल्ली, आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून उभी राहिले.

आता कुणी विचारेल, हा गुण थेंबांचा की मामाचा, की भाजीचा? मला माहीत नाही. मी औषधवाली आहे, खोटं सांगणार नाही. एका म्हाताऱ्यावरून काही सिद्ध होत नसतं, हे मला कुणी शिकवायला नको. एवढंच सांगते की जे ज्याला हवं होतं ते त्याला उघड, दिवसाढवळ्या, मोजून देता आलं, आणि मला कुठल्याही डब्यामागे काही लपवावं लागलं नाही. आत्याच्या वेळी आयला लपवावं लागलं होतं.

शुक्रवारी बाला बंडीशिवाय काट्यावर उभं केलं. मामानं स्वतः लेंग्याची नाडीसुद्धा तपासली. पंचेचाळीस किलो आणि सातशे ग्रॅम. बा म्हणाला, यंत्र बिघडलं असंल. मामा म्हणाला, आधी बटाटे ठेवून बघ. सोमवारी चौथी किमो झाली. पुढच्या दोन अजून बाकी आहेत आणि पुढचं मी आज काही बोलत नाही.

किमोनंतर दोन दिवसांनी मामा निघाला. मी त्याला रिक्षापर्यंत सोडायला खाली उतरले. दुकानाच्या दारात तो थांबला. भिंतीवरच्या फ्रेमकडे बघितलं, कपाटातल्या त्या खोक्याकडे बघितलं.

"बाय, आता सरकारला चालतंय ना ह्ये?"

"हो मामा. चिठ्ठी असली की चालतं."

"मंग मी परसात चार झाडं लावू का परत? मरायच्या आधी येक-दोन बैल तरी बघीन."

कारखान्याला ते झाड चालतं, गल्लीतल्या डॉक्टरला लिहायला चालतं, मला विकायला चालतं, बाला घ्यायला चालतं. त्याला लावायला चालत नाही. हे त्याला समजेल अशा कुठल्या शब्दांत सांगायचं, ते मला पंचवीस वर्षांच्या धंद्यात कुणी शिकवलं नव्हतं.

"नाही मामा," मी म्हणाले. "तुम्हाला नाही चालत."

तो रागावला नाही. "बरं," म्हणाला आणि नळकांडं काखेत मारलं. मला माझ्याच दुकानाची लाज वाटली.

वर गॅलरीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बा उठून उभा राहिला होता, दोन्ही हातांनी कठडा धरून. इतक्या दिवसांत तो कुणाच्या आधाराशिवाय उठला नव्हता. आय मागून "अरे, पडशील" म्हणत होती. तो खाली वाकला आणि रस्त्यावरच्या सगळ्या रिक्षावाल्यांना ऐकू जाईल असा ओरडला,

"ए! अंबाडी लाव रे परसात! चांगली दाट लाव!"

मामानं मान वर केली. "आन साहेब आला तर?"

"येऊ दे. नजरचूक कराया मी हाय अजून."